छापण्यास हरकत नाही

सोमवार, ३ मार्च

आज आमच्या वहिनी कोट्यधीश झाल्या. पत्रात ‘कोट्याधिश’ असं छापलं आहे, त्यामुळे नक्की काय झाल्या ते सांगणं कठीण, पण दिवसभर त्यांचे पाय जमिनीवर नव्हते एवढं खरं. माझ्या चहात साखर दोनदा पडली.

पत्र टपालाने आलं, चांगल्या जाड कागदावर. वर सोनेरी शिक्का, खाली वाचता न येणारी सही आणि मध्ये भाषेचा मुडदा. ‘अभीनंदन’, ‘बक्षिस’, ‘वीजेता’. बाईच्या नावाआधी ‘श्री.’ ठोकलेला. कुठल्याशा आंतरराष्ट्रीय ग्राहक सोडतीत म्हणे वहिनींचा पहिला नंबर आला आहे. रक्कम तयार आहे, फक्त त्याआधी ‘प्रक्रीया शुल्क’ ताबडतोब पाठवायचं आणि पैसे हातात पडेपर्यंत कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही.

मी विचारलं, तुम्ही तिकीट कधी काढलंत? तर साबण घेतला तेव्हा दुकानात एक चिठ्ठी भरून डब्यात टाकली होती, त्यातूनच निघालं असेल, असं उत्तर आलं. वहिनी दिसेल त्या डब्यात चिठ्ठी टाकतात. दादा होता तेव्हा तो नुसता हसायचा. मी त्याची सख्खी बहीण, पण मला तसं नुसतं हसता येत नाही. मी दुरुस्त करते.

त्यांना समोर बसवलं आणि अख्खं पत्र मोठ्याने वाचलं, प्रत्येक चुकीपाशी थांबून. माझा उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. लेखकांच्या, प्राध्यापकांच्या, मंत्र्यांच्या चुका मी लाल शाईने काढल्या. त्यातून एकच नियम शिकले: चोराला शुद्धलेखन येत नाही. ज्याला ‘बक्षीस’ लिहिता येत नाही तो बक्षीस काय कपाळ देणार? खरी संस्था असती तर हे पत्र आधी माझ्यासारख्या कुणाच्या हाताखालून गेलं असतं. वहिनींना म्हटलं, याची खूणगाठ बांधा. चूक दिसली की पत्र फाडायचं.

त्या मान हलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मला वाटलं, खोलीचे पैसे होतील.”

खोली म्हणजे भाचीच्या गावातली. भाची वहिनींची एकुलती एक मुलगी; तिच्या घरात जागा नाही, म्हणून तिच्या जवळपास एखादी खोली घेऊन राहायचं, हे वहिनींचं जुनं खूळ आहे. दादा गेल्यावर त्या माझ्याकडे राहायला आल्या, त्याच्या विम्याचे पैसे खोलीसाठी बाजूला ठेवले, आणि ते कमी पडतात. मी म्हटलं, तिथे तुमच्या चुका कोण काढणार? त्या हसल्या नाहीत. विनोद कळायलाही भाषा यावी लागते.

मंगळवार, ४ मार्च

पत्र केरात टाकणार होते, पण हात शिवशिवले. निवृत्त झाल्यापासून लाल पेनाला काम नाही. शेवटचं काम म्हणजे तळमजल्यावरच्या घड्याळवाल्यांची पाटी. त्यांनी ‘घड्याळ दुरूस्ती’ असं रंगवून घेतलं आहे. ‘रु’ ऱ्हस्व असतो म्हणून मी चारदा सांगितलं, ते ढिम्म हलले नाहीत. तर पत्र टेबलावर पसरलं आणि बसले.

आधी नुसतं ऱ्हस्व-दीर्घ पाहणार होते. पण चुकांचं उंदरांसारखं असतं, एक दिसली की घरात दहा असतात. जिथे शब्द गळले होते तिथे काकपदाची खूण करून ते समासात भरले. ‘ताबडतोब’ हा शब्द अशा पत्राला शोभत नाही. तिथे ‘विनाविलंब’ केलं. शेवटी एक वाक्य होतं, ‘आता आपण ऐश करा.’ त्याला दुरुस्ती नव्हतीच, ते मुळापासून उपटावं लागलं. वहिनी मागच्या गॅलरीत चादरी पिळत होत्या. पाण्याच्या आवाजाने लक्ष लागेना. दाराच्या फटीतून त्यांचे हात तेवढे दिसत होते, लाल झालेले. जरा वेळाने वाक्य सुचलं ते असं:

‘हे बक्षीस आपल्या कष्टांचे मोल नव्हे; पण जन्मभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या हातांवर कधीतरी कुणीतरी आदराने काही ठेवावे, एवढीच यामागची भावना आहे.’

अर्धविराम कसा चपखल बसला आहे. चोरांच्या पत्रात असलं वाक्य म्हणजे गाढवापुढे वाचली गीता, पण माझ्या हाताखालून वाईट वाक्य जाणार नाही.

आणि मग एक गंमत झाली. पान संपलं तसा हात सवयीने खाली गेला आणि लिहून मोकळा झाला, ‘दुरुस्तीनंतर छापण्यास हरकत नाही’, खाली माझी आद्याक्षरं. जन्मभर प्रत्येक मुद्रितावर हेच लिहीत आले. खोडलं नाही. टोमणा म्हणून शोभतो.

सगळं त्यांच्याच पोस्टबॉक्सवर परत पाठवून दिलं. सोबत, घरीही मुद्रितं तपासायला घ्यायची तेव्हाच्या माझ्या जुन्या लेटरहेडवर, एक चिठ्ठी. त्यात लिहिलं की आमच्या वहिनी भोळ्या आहेत, मुलीच्या गावी खोली घ्यायच्या नादात नवऱ्याच्या विम्याचे पैसे तुमच्या घशात घालायला निघाल्या होत्या, पण घरात मी बसले आहे हे ध्यानात ठेवा. लेटरहेड अजून गठ्ठाभर उरलं आहे: नाव, पत्ता, फोन, आणि खाली ‘बुधवार व शनिवार दुपारी बंद’. त्या दुपारी मी तेव्हाही वाचनालयात जायची, अजूनही जाते. शहाण्याला शब्दांचा मार, यांना लाल शाईचा. टपालाच्या तिकिटाचे पैसे माझे गेले, पण बऱ्याच दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं.

शुक्रवार, ७ मार्च

पासबुक भरायला बँकेत गेले. भिंतीवर नवा फलक: ‘फसवणूकी पासुन सावध रहा. बक्षिस देण्या साठी आधी पैसे मागतो तो चोर. न काढलेल्या तिकीटाला बक्षिस लागत नाही. घाई करतो आणि कुणाला सांगू नका म्हणतो त्याचे ऐकू नका.’ ज्यांच्याकडे आपण पैसे ठेवतो त्यांनी हे भिंतीवर लावावं! कॅशियर बाईंना विचारलं, हे कुणी लिहिलं? म्हणाल्या, मीच, पण काय म्हणायचंय ते कळतंय ना? कळण्याचा प्रश्नच नाही. ज्यांना ‘पासून’ लिहिता येत नाही त्यांचा सल्ला कोण ऐकणार?

वहिनी बरोबर होत्या. त्यांना एकेक चूक दाखवली, आणि ‘बक्षिस’ची त्यांनी स्वतःहून काढली. प्रगती आहे.

रविवार, १६ मार्च

जिन्यात घड्याळवाले भेटले. त्यांना वहिनींच्या कोट्यधीशपणाची हकीकत सांगितली. वरच्या मजल्यावरचे दोघे-तिघेही थांबले, मग त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगितली. माझा नियमही सांगितला: चूक असली तर खोटं, नसली तर विचार करावा. सगळे पोट धरून हसले. वहिनी पिशवी घेऊन खालच्या पायरीवर उभ्या होत्या, वर यायला वाट नव्हती. त्यांना बरं वाटलं नसावं. पण चार लोकांना शहाणं करायचं तर उदाहरण लागतं.

बुधवार, २६ मार्च

वाचनालयातून परतले तर वहिनी फोनपाशी खुर्ची ओढून बसलेल्या, आणि चक्क गुणगुणत होत्या. कुणाचा फोन, विचारलं. “मैत्रीण.” या वयात नवी मैत्रीण कुठून उगवली म्हटलं तर भाजी चिरायला उठल्या. शनिवारीही हिचाच फोन होता म्हणे. मी नसते तेव्हाच बरा येतो.

एवढं बोलता तरी काय, म्हणून खोदून विचारलं. म्हणाल्या, काही नाही, जेवलात का विचारतं कुणी, गुडघा कसा आहे विचारतं. वहिनींचा गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं. एका घरात राहून सांगायला काय झालं होतं? शिवाय जाता जाता म्हणाल्या, “बटाटे संपले, आणायला पाहिजे.” मी म्हटलं, “पाहिजेत. एक बटाटा आणणार आहात का?” किती वर्षं हेच सांगते आहे.

रविवार, ३० मार्च

सुखाचा दिवस. वहिनींनी आपणहून एका शब्दाचा अर्थ विचारला. “विनाविलंब म्हणजे लगेच ना?” मी ‘विना’ आणि ‘विलंब’ वेगळे करून दाखवले, आणखी चार शब्द त्याच घाटाचे सांगितले. त्या नीट ऐकत होत्या. मग म्हणाल्या, म्हणजे उद्यावर ढकललेलं चालत नाही? मी ठणकावून सांगितलं, अजिबात नाही, शब्दाला काही किंमत आहे की नाही?

संगतीचा परिणाम होतो म्हणतात तो असा.

मंगळवार, १ एप्रिल

काल वहिनी सकाळी कुठे गेल्या त्या दुपारी आल्या. चहा मला स्वतः करावा लागला. साखरेचा डबा सापडला नाही.

शनिवार, ५ एप्रिल

घड्याळवाले दार वाजवून आले. हातात पाकीट, चेहरा गंभीर. म्हणाले, “बाई, तुमचा नियम लावून पाहिला. एकही चूक सापडत नाही हो.” त्यांनाही कसलंसं बक्षीस लागलं आहे. मला हसू आवरेना. ज्या माणसाला स्वतःच्या पाटीतला ‘रु’ दिसत नाही त्याला पत्रात चूक सापडणार कशी? चष्मा घ्यायला वळले तेवढ्यात त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं आणि ते पाकिटासह खाली गेले. मी मागून ओरडून सांगितलं, पाटी आधी दुरुस्त करा, मग माझ्याकडे या.

वहिनी आत उभ्या राहून ऐकत होत्या. चेहरा असा उजळला होता की जणू त्यांचीच कुणी बाजू घेतली.

रविवार, ६ एप्रिल

भाचीचा फोन. नेहमी आईशी बोलते, आज मला बोलावलं. म्हणाली, आत्या, आईने मला खोली बघायला सांगितली आहे, या महिन्यातच यायचं म्हणते, पैशांची सोय झाली म्हणते. तुला काही बोलली का? मी म्हटलं, तुझ्या आईच्या सोयी मला ठाऊक आहेत, डब्यात चिठ्ठी टाकली असेल.

फोन ठेवला आणि मला एकाएकी राग आला. जायचं तर जा. चार वर्षं मी जागा दिली, बोलणं सुधारलं, आणि मला न सांगता खोली बघतात. गेल्या तर घर शांत होईल. मला वाचायला वेळ मिळेल. जेवायलाही फार लागत नाही मला, काहीही चालतं. रात्रीचं दार लावायला दोन माणसं कशाला लागतात? हे सगळं वहिनींना बोलून दाखवणार होते, पण त्या झोपल्या होत्या.

गुरुवार, १० एप्रिल

सकाळी बँकेतून कॅशियर बाईंचा फोन. वहिनी इथे आहेत, तुम्ही या, आणि जरा लवकर या. मला वाटलं चक्कर आली. चपला उलट्या घालून धावले.

वहिनी बाकावर बसल्या होत्या, बरोबर त्या फलकाच्या खाली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. कॅशियर बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. वहिनी विम्याचे उरलेले सगळे पैसे एका परक्या खात्यात भरायला आल्या होत्या. म्हणे बक्षिसावरचा कर. त्याआधी ‘शुल्क’ म्हणून निम्म्याहून जास्त रक्कम ३१ तारखेला गेलीसुद्धा. त्या दिवशी बाई रजेवर होत्या, खिडकीवरच्या दुसऱ्याने काही न विचारता पाठवून दिली. आज बाईंनी काम थांबवून वहिनींना विचारलं, हे पैसे कशाचे? वहिनींनी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. बाईंनी पाणी दिलं, तेव्हा सांगितलं.

मी वहिनींपाशी गेले. तोंडात पहिला शब्द ‘मूर्ख’ असा आला होता, खोटं कशाला लिहू. म्हटलं, पत्र दाखवा.

पिशवीतून पत्र निघालं. तोच जाड कागद, तोच शिक्का. मी नेहमीसारखी चूक शोधायला लागले. पहिल्या ओळीत नाही. दुसऱ्या ओळीत नाही. वर ‘पूर्वीच्या पत्रातील मुद्रणदोषांबद्दल दिलगीर आहोत’ असं लिहिलेलं, तेही शुद्ध. मनात म्हटलं, कुणीतरी शिकलेला माणूस आहे. मग ‘विनाविलंब’पाशी आले. आणि मग तो अर्धविराम दिसला.

मी पत्र एकदम खाली केलं. वहिनींना वाटलं मला राग आला. त्या हळूच म्हणाल्या, “तुमचा नियम लावूनच पाहिला, वन्सं. पुन्हा पुन्हा वाचलं. एक चूक नाही.” मग बोट ठेवून दाखवलं, “आणि हे बघा. असं लिहिणारा माणूस खोटा कसा असेल? माझ्या हातांबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं.”

मी मान वर केली. त्यांच्या डोक्यावरचा फलक वाचला. चुका होत्या तशाच होत्या, आणि वाक्य न् वाक्य खरं होतं.

घरी येताना त्या म्हणाल्या, आता खोली काही होत नाही. त्यांचे डोळे भरले आणि मला, त्याच क्षणी, बरं वाटलं. वहिनी आता जाणार नाहीत म्हणून बरं वाटलं. हे मी कुणाला सांगणार नाही, पण इथे लिहिते, कारण लिहिलं नाही तर मी त्या पोस्टबॉक्सवाल्यांपेक्षा कुठे वेगळी?

शनिवार, १२ एप्रिल

वाचनालयात गेले नाही. फोनपाशी खुर्ची घेऊन बसले. लेटरहेड आठवून आठवून अंगाचा तिळपापड होत होता. बुधवार व शनिवार दुपारी बंद! चोराला घराची किल्ली नेऊन दिली ती दिलीच, वर घरात कोण कधी नसतं तेही कळवलं, भोळ्या वहिनी कोण आणि त्यांना खोली कुठे हवी तेही कळवलं. स्वतःच्या खर्चाने.

दुपारी फोन वाजला. आवाज मऊ, घरच्यासारखा. “जेवलात का वहिनी? गुडघा काय म्हणतो?”

मी म्हटलं, मी त्यांची नणंद.

 मग तो हसला, आणि अगदी आदबीने म्हणाला, “म्हणजे तुम्हीच त्या बाई! आमचे साहेब तुमच्या कामावर फार खूश आहेत. आणखी दोन पत्रं आहेत, बघाल का? पानामागे पैसे देऊ.”

क्षणभर, खरंच क्षणभर, मी विचारणार होते, कसली पत्रं? निवृत्तीनंतर मला काम विचारणारा हा पहिला माणूस. आग लागो त्या लाल पेनाला. मग मी जे बोलले त्यातला एकही शब्द कोशात सापडायचा नाही. तो शांतपणे ऐकत होता, आणि शेवटी ‘धन्यवाद’ म्हणून त्याने फोन ठेवला.

रविवार, १३ एप्रिल

वहिनी चादरींच्या घड्या घालत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं. पहिलं पत्र मी तपासून परत पाठवलं, चिठ्ठीत तुमच्याबद्दल सगळं लिहिलं, फोन नंबर दिला. खाली लिहिलं, छापण्यास हरकत नाही. आणि तुम्ही बोट ठेवलंत ते वाक्य माझं आहे.

मला वाटलं होतं त्या रडतील, निदान ओरडतील. कितीतरी वेळ चादरीवरची सुरकुती हाताने सपाट करत राहिल्या. मग विचारलं, कुणाबद्दल लिहिलंत ते? मी म्हटलं, चोरांच्या पत्रातलं वाक्य, कुणाबद्दल कसलं. त्या वाट बघत राहिल्या. तेव्हा म्हटलं, तुम्ही गॅलरीत चादरी पिळत होता.

“तुम्हाला असं लिहिता येतं, वन्सं,” त्या म्हणाल्या, “मग बोलताना काय होतं?”

 मी चादरीचं दुसरं टोक धरलं. घडी वाकडी झाली, त्यांनी उलगडून पुन्हा घातली.

सोमवार, १४ एप्रिल

पोलीस चौकीत तक्रार दिली. लिहून घेणाऱ्या हवालदाराने ‘फसवणुक’ लिहिलं, ‘वीमा’ लिहिलं. मी तोंड मिटून बसले. दुरुस्तीचा भाग सांगितला तेव्हा त्याने मान वर केली. म्हणाला, म्हणजे ते पत्र तुम्ही त्यांना नीट करून दिलंत? मी हो म्हटलं. त्याने कागद पुढे केला आणि मी त्या सगळ्या चुकांखाली सही केली. पैसे परत मिळण्याचं काही खरं नाही म्हणाला.

संध्याकाळी आमच्या जिन्यात दारोदार फिरले. त्या दिवशी हसले त्या सगळ्यांना सांगितलं: माझा नियम विसरा, पत्र शुद्ध असलं तरी फाडा, बक्षीस द्यायला कुणी आधी पैसे मागत नाही, तिकीट काढल्याशिवाय सोडत लागत नाही, आणि कुणाला सांगू नका म्हणणाऱ्याची गोष्ट आधी सगळ्यांना सांगा. मग नवी हकीकत सांगितली, पहिल्यापासून. उदाहरण लागतंच. यावेळी ते मी होते. वरच्या मजल्यावरचे हसले. घड्याळवाले हसले नाहीत. पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, बरं झालं, मी पैसे भरायला उद्याच जाणार होतो.

सोमवार, २१ एप्रिल

माझी मुदत ठेव मोडली. म्हातारपणासाठी ठेवली होती, म्हातारपण आलेलंच आहे. पैसे पाकिटात घालून वहिनींच्या पुढ्यात ठेवले. म्हटलं, गेले तेवढे यात आहेत, शिवाय खोलीला कमी पडत होते तेही. भाचीला कळवा, खोली धरून ठेव म्हणावं.

वहिनींनी पाकीट उघडलं नाही. म्हणाल्या, “मी जाऊ की राहू, ते तुम्ही सांगा आधी. लिहून नको. तोंडाने.”

आता वाक्य म्हणाल तर माझ्याकडे तयार होतं. बँकेतून पैसे आणताना रस्त्याने तेच घोळवत आले होते. त्यात एक अर्धविराम होता आणि शेवट फार चांगला होता. दादाचाही उल्लेख होता. ते वाक्य घशाशी आलं आणि तिथेच बसलं. वहिनी समोर बसल्या आहेत, ते लाल हात मांडीवर, आणि मी माशासारखी तोंड उघडते आहे, मिटते आहे. एवढी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं ठाकठीक केली आणि स्वतःचं एक धड निघेना.

शेवटी निघालं ते एवढंच. “तुम्ही मला इथं पाहिजे.”

“पाहिजेत,” वहिनी म्हणाल्या.

मला काही कळेना.

“आदराने बोलताना अनेकवचन, वन्सं. तुम्हीच सांगता ना?” असं म्हणून त्यांनी पाकीट उचललं, आपल्या पेटीत ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग भाचीला फोन लावून सांगितलं, खोलीवाल्याला म्हणावं सध्या थांब, मला वाटलं तर येईन.

‘तुम्ही’बरोबर ‘पाहिजेत’ चालतं का, यावर व्याकरणात वाद घालता येईल. मी घातला नाही.